कोलशेतच्या दारांसमोर

मस्कतला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय मेधा, ठाण्याचे फोटो कधी दाखवतेस?" कॅमेरा गळ्यात अडकवून गेले होते, तेव्हा लोकांनी विचारणं रास्तच आहे. पण माझ्याकडे दाखवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. जे घडलं ते सांगण्यासारखं मात्र आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ठाणं पाहिलं असेल ते गावी जाताना टॅक्सीच्या काचेतून, तेही ट्रॅफिकला शिव्या घालत. मीही तोवर तेवढंच पाहिलं होतं.

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आई-बाबा मिरजेचे, मी जन्मले-वाढले मस्कतमध्ये. शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी दारांचे फोटो काढते. मत्रा, निझवा, सूर, ओमानच्या ज्या गावात जुनं लाकडी दार दिसेल तिथे मी उभी. माणसांचे फोटो मी काढत नाही. माणसं हलतात, आणि नंतर फोटो पाहून रुसतात. दारांचं तसं काही नसतं, अशी आपली माझी समजूत होती.

कविता माझी मैत्रीण. इथल्या एका रुग्णालयात नर्स होती, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आठ वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी किल्ली न मागता शिरत होतो. मग ती आपल्या गावी, ठाण्यातल्या कोलशेतला परत गेली. तिच्या धाकट्या भावाचं, रोशनचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोन आला. "लग्नाला नाही आलीस तरी चालेल, पण हळदीला ये. हळद नाही बघितलीस तर आगरी माणूस बघितलाच नाहीस असं समज."

मी तिकीट काढलं.

कोलशेत

कविताचं घर जुन्या आळीत आहे. दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी वाट, दोन्हीकडे बैठी घरं, आणि त्या घरांच्या डोक्यावरून वाकून बघणारे टॉवर. मागे गेलं की तिवरांची झाडी आणि त्यापलीकडे खाडी. ओहोटीला चिखलाचा वास आळीच्या तोंडापर्यंत येतो. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला, तिसऱ्या दिवशी वास येतो हेच विसरले.

हे लोक खाडीकाठचे जुने रहिवासी. आधी भातशेती आणि मिठागरं होती. मग कारखाने आले, त्यानंतर टॉवर आले, आणि जमीन त्यात गेली. "आता राहिली ती घरं," कविताची आई, म्हणजे माझ्या काकी, जेवायला वाढता वाढता म्हणाल्या. मी ते सहज ऐकलं आणि भाकरी मोडली. ताटात तांदळाची भाकरी होती आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. मी त्याची डोकी काढून ताटाच्या कडेला ठेवत होते, तर काकी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "डोका टाकतेस? मंग खाल्लास काय गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेर पडले आणि आळी पाहून हरखून गेले. एक दार पोपटी, त्याच्या शेजारचं गर्द निळं. चौकटीवर हळदीची पाच बोटं उठलेली, वर आंब्याची वाळलेली पानं. एका दाराला तर भंगारात निघालेल्या बोटीची गोल खिडकी बसवली होती. काही भिंतींवर रंगाने आकडे लिहिलेले होते, तेही मला चौकटीत छान वाटले.

माझी काढायची रीत ठरलेली आहे. दारासमोर सरळ उभं राहायचं. रंग नेमके यावेत म्हणून एक राखाडी पुठ्ठ्याचं कार्ड कडीला अडकवून एक फोटो घ्यायचा, मग कार्ड काढून दुसरा. एका टोकाला सुरुवात केली की मधलं दार सोडायचं नाही, नाहीतर मला चैन पडत नाही. त्या सकाळी अख्खी आळी मी अशी ओळीने काढली.

मधल्या एका घराच्या पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. लुगडं आगरी पद्धतीने घट्ट कासोटा मारून नेसलेलं, नजर तिखट.

"ए बाय, फोटू कनाला कारतेस गो?"

"दार छान आहे म्हणून."

"कोनी धारली तुला?"

कोणी पाठवलं, असं ती विचारते आहे हे मला कळलं. पण ऊन सरकत होतं, आणि कामात असले की मी तुसडी होते. "कोणी नाही हो, आजी," एवढं म्हणून मी तिच्याच दाराच्या कडीला कार्ड अडकवलं. ती उठून बाजूला झाली. मला वाटलं, फोटोत येऊ नये म्हणून बिचारी सरकली.

टेंभी नाका

त्या दुपारी आम्ही खरेदीला जुन्या ठाण्यात गेलो. टेंभी नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कविताने नवरीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, मी मिसळ मागवली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढलं. कविता पोट धरून हसली. मस्कतला फ्रीजमध्ये ठेवलेली लोणची खाणारी तू, म्हणाली.

तिथेच तिने मला वड्यांची गोष्ट सांगितली. हळदीच्या आदल्या दिवशी घरोघरच्या बायका आपापली परात घेऊन येतात आणि सगळ्या मिळून तांदळाच्या पिठाचे वडे करतात. शेकडो माणसांचं जेवण, एकट्या घराला झेपायचं नाही. पण गंमत अशी की त्यांच्या आळीत या कामाला कुणाला बोलवायचं नसतं.

"म्हणजे?"

"म्हणजे 'या' म्हणायचंच नाही. चुली पेटवायच्या आणि बसायचं. आपलं घर मानत असतील तर येतात. बोलवायला लागलं, तर समज ते घर गावात उरलंच नाही."

"आणि नाही आल्या तर?"

"असं होत नाही गं," ती म्हणाली आणि दही माझ्याकडे सरकवलं.

परत आलो तेव्हा आळी बदलली होती. नळावरच्या बायका आम्हाला पाहून गप्प झाल्या. मांडव घालणारी पोरं दोनच खांब रोवून निघून गेली होती. रोशन फोनवर कुणाला तरी विचारत होता, "अरे पण सकाळी तर येतो बोललेलास ना?" काकी म्हणाल्या, दमली असतील पोरं. स्वयंपाकघरात मात्र त्या बराच वेळ एकच भांडं घासत होत्या.

डोंबिवली

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला कविताच्या आत्याकडे आमंत्रण द्यायला गेलो. रोशनची गाडी, खाडीवरचा नवा पूल, दोन्हीकडे पाणी आणि तिवरं. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती. पण रोशनचा चेहरा पाहून मी कॅमेरा पिशवीतच ठेवला.

आत्याचं घर डोंबिवलीच्या जुन्या गावठाणात. आत्याने पाणी दिलं, पत्रिका घेतली, कुंकू लावलं, आणि मग माझ्याकडे निरखून पाहत आपला मोबाइल कविताच्या हातात ठेवला.

"हीच का गो ती?"

पडद्यावर माझी पाठ होती. माझा खाकी कुर्ता, माझी वेणी, समोर हिरवं दार आणि कडीला अडकवलेलं कार्ड. खाली लिहिलं होतं, 'सावध रहा. सर्वेवाली बाई घरांचे फोटो घेताना. पाहुणी बनून आली आहे. सर्वांना पाठवा.'

मी हसले. खरंच हसले, कारण मला ते हास्यास्पद वाटलं. बाकी कुणीच हसलं नाही.

रोशनने मान खाली घालून सगळं सांगितलं. गेल्या वर्षी अशीच दोन माणसं आली होती. ओळीने दारांचे फोटो काढून गेली, भिंतींवर आकडे टाकून गेली, आणि काही महिन्यांत एका बिल्डरची माणसं घरोघर फिरायला लागली. गावाने ठरवलं होतं, कुणी होकार द्यायचा नाही. आणि पहिला होकार दिला तो कविताच्या सख्ख्या काकांनी, गुपचूप. आता ते घोडबंदर रोडला एका टॉवरात राहतात. तेव्हापासून या घराकडे गाव तिरक्या नजरेने बघत होतं. त्यातच त्यांच्याकडे एक पाहुणी आली आणि पहिल्याच सकाळी ओळीने सगळी दारं टिपून मोकळी झाली.

"मला आधी सांगायचं ना," मी कविताला म्हणाले.

"आमच्या घरची लाज तुला काय सांगू?"

परतताना पुलावर सूर्य खाडीत उतरत होता. कविता पुढच्या सीटवर होती. मागे न वळता तिने विचारलं, "मेधा, तू खरंच कुणासाठी काढत नव्हतीस ना?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आठ वर्षं. हिच्या तापात मी उशाशी बसले, माझी आई गेली तेव्हा हिने माझ्या घरात चूल पेटवली. आणि ही मला विचारते आहे. "नाही," मी म्हणाले. राग एवढा आला होता की घर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत राहिले.

पुन्हा कोलशेत

वड्यांच्या दिवशी काकींनी पहाटेच अंगणात तीन चुली पेटवल्या. मोठ्या टोपात पीठ मळून झाकून ठेवलं. नवं लुगडं नेसल्या आणि आळीकडे तोंड करून पाटावर बसल्या. कविता लाकडं सारत होती. मी आणि ती त्या सकाळी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो.

ऊन अंगणात आलं. आळीत माणसं होती, चालत होती, पण आमच्या दाराशी येताच वळून दुसऱ्या कडेने जात होती. एका घरातून परातीचा आवाज आला तशा काकी ताठ झाल्या. कुणीतरी परात धुऊन उन्हात उपडी घातली, एवढंच. एका चुलीतला जाळ विझत आला, तिथे कविताने पुन्हा लाकूड घातलं. रोशन आत जाऊन पडला. उद्या शेकडो माणसं जेवायला येणार होती, किंवा येणारच नव्हती. दोन्हींतलं वाईट कोणतं ते मला सांगता येईना.

"काकी, मी जाऊन येते," मी उठले.

"नको गो. बोलवायचा नसतंय."

"बोलवायला नाही जात. माझं काम आहे."

काकींनी मला अडवलं नाही. कॅमेरा घेतला आणि निघाले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. निझव्याला मी दाराचा फोटो काढते तेव्हा आधी सलाम करते, आत बोलावलं तर जाते, कहवा पिते, खजूर खाते, आणि मग विचारते. अर्धा तास जातो, पण विचारल्याशिवाय कॅमेरा वर उचलत नाही. इथे पाट्या मराठी, भाकरीचा वास ओळखीचा, म्हणून मी कुणाला विचारलंच नव्हतं. आपलीच माणसं आहेत, त्यांना काय विचारायचं!

पहिली त्या लसूणवाल्या आजींच्या पायरीशी गेले. त्यांचं नाव हिरूबाय, हे मला आता माहीत होतं. त्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण. त्या आल्या नाहीत तर हळद लागणार नाही, इतकी साधी गोष्ट होती.

"आजी, तुमचं दार मी न विचारता काढलं. हा बघा फोटो. तुमच्यासमोर काढून टाकते."

हिरूबायने कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बिल्डरला धारलास का आदी?"

"कुणालाच नाही. मी मस्कतला शाळेत शिकवते. दारांचे फोटो काढायचा मला नाद आहे."

"दारांचा नाद?" त्यांनी आत हाक मारली. सून बाहेर आली, मागोमाग समोरच्या घरातली बाई, मग तिच्या शेजारची. सगळ्यांनी मला घेरलं. कुणी म्हणे खोटं बोलतेय, कुणी म्हणे काकाने शिकवून पाठवली असेल. एकीने कार्डाचं विचारलं, ते यंत्र आहे का म्हणून. मी पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंपालटं केलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "पुठ्ठाच हाय."

मी फोटो पुसला. पण हिरूबायचं समाधान झालं नव्हतं. त्या सुनेकडे वळल्या.

"पाठीचा हाय आमचेकरं. तोंडाचा पायजे. उद्या नोटीस आली तं कोनाला धरायचा?"

सुनेने मोबाइल काढला. मला त्यांच्याच दारात उभं केलं, सरळ, चौकटीच्या मधोमध. "चश्मा कार," हिरूबाय म्हणाल्या. मी चष्मा काढला. ऊन डोळ्यांवर येत होतं, समोर आठ-दहा बायका, आणि माझ्याकडे रोखलेला मोबाइल. आयुष्यात इतकी उघडी मी कधी पडले नव्हते.

मग समोरची बाई म्हणाली, माझ्या दारातला पण पाहिजे. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. मग तिच्या शेजारणीच्या. आळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मधलं एकही दार न सोडता. प्रत्येक दारात आधी मी काढलेला फोटो दाखवायचा, ती 'पूस' म्हणाली की पुसायचा, आणि मग तिने माझा काढायचा. बोटीच्या खिडकीवाल्या घरातली बाई मात्र आपल्या दाराकडे पडद्यावर पाहतच राहिली आणि म्हणाली, "ह्यो राहू दे. माझे सासऱ्याने बसवलीय खिरकी. मना पन धार." तिचा नंबर घेतला आणि तो फोटो मी तिथल्या तिथे पाठवला. शेवटच्या दारापर्यंत पोचले तेव्हा कुर्त्याची पाठ घामाने चिंब झाली होती.

परत आले तेव्हा काकी तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूला जमिनीवर बसले. कविता पुन्हा पुन्हा आळीकडे बघत होती. चुलीतली लाकडं तडतडत होती.

आणि मग हिरूबाय आल्या. परात कमरेवर, मागे सून. पाटावर बसल्या, पिठावरचं फडकं काढलं, चिमूट दाबून पाहिली आणि काकींना म्हणाल्या, "पानी जास्ती घातलास."

काकींनी पदराने तोंड झाकलं. हसत होत्या की रडत होत्या, मला दिसलं नाही.

दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मलाही एक गोळा मिळाला. माझा वडा गोल होईना, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, मस्कतवालीला फोटूच काढू द्या. माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला, तिथेच थांबला, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काढू?"

"पयले वरे कर," हिरूबाय म्हणाल्या. मग मी वडेच केले.

हळदीबद्दल मी मुद्दाम थोडं लिहिते आहे, कारण ती लिहून कळणार नाही. हिरूबाय गात होत्या, बायका मागे म्हणत होत्या, रोशन हळदीने इतका माखला होता की नुसते डोळे दिसत होते. मटण तिखट होतं, वडे फुगले होते, आणि मी चार खाल्ले. माझा वाकडा वडा कुणाच्या ताटात गेला ते कळलं नाही.

घोडबंदर रोड

निघायच्या दिवशी कविता मला विमानतळावर सोडायला आली. घोडबंदर रोडला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली. दोन्हीकडे टॉवर, त्यांतल्याच एकात तिचे काका. तिने तिकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. गाडी इंच इंच सरकत होती आणि आमच्यात पुलावरचा तो प्रश्न अजून बसलेला होता.

"मी विचारलं ते तुला लागलं ना?" तीच म्हणाली.

"हो."

"मग विचारायला नको होतं?"

मी विचार केला. लागलं होतं, अजूनही लागत होतं. "विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"काकांना मी विचारलं नव्हतं. त्यांच्या घरी माणसं येत होती, गाड्या उभ्या राहत होत्या, दिसत होतं सगळं. पण आपले काका, त्यांना काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. परत तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. तू होतीस म्हणून विचारलं, मेधा. दुसरं कोणी असतं तर मी नुसतं त्यांच्याशी बोलणं टाकलं असतं."

मी तिचा हात धरला. पुढच्या रिक्षावाल्याने उगाच हॉर्न वाजवला.

विमानतळावर तिने माझी बॅग उतरवली, काकींनी दिलेला सुक्या बोंबलांचा पुडा बॅगेत नीट खाली सारला, आणि मी दाराकडे वळणार तोच म्हणाली, "थांब. उभी राहा तिथे."

तिने मोबाइल काढला होता.

"तुलाही पुरावा हवा का आता?" मी विचारलं. आवाजात मला नको होतं तेवढं कडू आलं.

"नाही गं," ती म्हणाली. "अख्ख्या आळीकडे तुझा फोटो आहे. आठ वर्षं तू कधी काढू दिला नाहीस. माझ्याकडेच नाहीये."

तिने न सांगताच मी चष्मा काढला. मागून ट्रॉल्या येत होत्या, पहारेकरी पुढे व्हा म्हणत होता, माझं नाक लाल झालं होतं आणि डोळे वाहत होते. तरीही मी उभी राहिले, तिला हवा तेवढा वेळ.